धडधडत्या हृदयातच सापडणारा अडथळा

1950 चे दशक संपत आले होते. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय हृदय संस्थेत हृदयशल्यविशारद अँड्र्यू ग्लेन मॉरो आणि हृदयतज्ज्ञ युजीन ब्राउनवाल्ड एकत्र काम करत होते. त्यांच्याकडे असे काही रुग्ण येत, ज्यांच्या हृदयाच्या डाव्या जवनिकेतला, म्हणजे खालच्या डाव्या कप्प्यातला दाब तिथून निघणाऱ्या महारोहिणीतल्या दाबापेक्षा बराच जास्त असे. नळी घालून मोजलेला हा फरक खोटा असणे शक्य नव्हते. जवनिका आणि महारोहिणी यांच्यामध्ये रक्ताची वाट कुठेतरी अडली आहे, असाच त्याचा अर्थ होता. म्हणून छाती उघडली, हृदय थांबवले, महारोहिणीत चीर देऊन आत पाहिले, तर झडप ठीक होती आणि झडपेखाली पडदा किंवा कडे असे काहीच नव्हते. बोट घातले तर ते सरळ आत गेले. अडथळा सापडेना!

लंडनच्या गाय रुग्णालयातले शल्यविशारद रसेल ब्रॉक यांनाही असाच अनुभव आला होता आणि 1957 मध्ये त्यांनी तो लिहून ठेवला होता. या कोड्याचे उत्तर असे की हा अडथळा हृदय धडधडत असतानाच तयार होतो. हृदय थांबले, स्नायू सैल पडला की तो नाहीसा होतो. शल्यविशारदाला मात्र थांबलेल्या हृदयावरच काम करावे लागते. मायेक्टमी नावाच्या शस्त्रक्रियेची सगळी अवघड बाजू यात आहे. जे समोर दिसत नाही ते मनात ठेवून, योग्य जागी, योग्य खोलीपर्यंत स्नायू कापायचा असतो. हे नीट समजले तर रुग्णालय निवडताना काय विचारायचे हेही आपोआप समजते. म्हणून जरा सावकाश, मुळापासून पाहू.

हृदयाच्या डाव्या जवनिकेला रक्त आत येण्याची एक वाट असते आणि बाहेर जाण्याची एक. आत येण्याच्या वाटेवर मायट्रल झडप असते, बाहेर जाण्याच्या वाटेवर महारोहिणीची झडप. या दोन वाटा अगदी शेजारी आहेत. बाहेर जाणाऱ्या वाटेची एक बाजू म्हणजे डाव्या आणि उजव्या जवनिकेमधला स्नायूचा पडदा. तिची दुसरी बाजू म्हणजे मायट्रल झडपेची पुढची, लांब पाकळी. एका बाजूला मांसल भिंत आणि दुसऱ्या बाजूला हलती पाकळी, अशी ही वाट आहे. त्यामुळे भिंत आत फुगली की पाकळीचे काम बिघडते.

निरोगी माणसात या पडद्याची जाडी एक सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. रक्तदाब किंवा झडपेचा आजार यांसारखे दुसरे काही कारण नसताना ती 15 मिलिमीटर किंवा अधिक भरली, तर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी हे निदान पुढे येते. घरात कुणाला हा आजार असेल तर 13 मिलिमीटरही दुर्लक्ष करण्यासारखे नसते. काहींत ही जाडी 30 मिलिमीटरच्या पुढे जाते. आजार दुर्मीळ म्हणावा असाही नाही. साधारण 500 माणसांत एकाला तो असतो, आणि त्यांतल्या अनेकांना ते ठाऊकच नसते. 1958 मध्ये लंडनचे विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टीअर यांनी अचानक मरण पावलेल्या तरुण माणसांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या हृदयांत मधला पडदा बाकीच्या भिंतींपेक्षा बेताल जाड होता आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे तंतू ओळीत न राहता एकमेकांत गुंतलेले दिसत होते. या आजाराची आधुनिक ओळख तिथून सुरू होते.

याचे कारण बहुतेकदा जनुकांत असते. स्नायूच्या पेशीत आकुंचन घडवणारी जी प्रथिने असतात, त्यांच्या जनुकातल्या दोषामुळे पेशी गरजेपेक्षा जोराने आकुंचन पावते आणि नीट सैल पडत नाही. आईला किंवा वडिलांना असा दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. या कुळातले एक जनुक आपल्याशी विशेष संबंधित आहे. 2009 मध्ये नेचर जेनेटिक्स या नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार मायोसिन बाइंडिंग प्रोटीन-सी या प्रथिनाच्या जनुकातला 25 अक्षरांचा तुकडा गळालेला असणे, हा बदल भारतीय वंशाच्या साधारण 4 टक्के लोकांत आढळतो. हा बदल असलेल्यांना वय वाढेल तसा हृदयस्नायूच्या आजाराचा धोका अधिक असतो, असे त्या संशोधकांनी दाखवले.

आता अडथळा कसा बनतो ते पाहू. पडदा आत फुगलेला असला की जवनिकेतून निघालेले रक्त सरळ न जाता त्या फुगवट्याला वळसा घालते आणि मायट्रल पाकळीच्या मागच्या बाजूला आदळते. या आजारात पाकळ्याही पुष्कळदा गरजेपेक्षा लांब असतात आणि त्यांना धरून ठेवणारे पॅपिलरी स्नायू पुढे सरकलेले असतात. वाऱ्याच्या झोतात अर्धवट उघडे राहिलेले दार जसे ढकलले जाऊन धाडकन चौकटीवर आपटते, तशी ही पाकळी ढकलली जाऊन पडद्याला जाऊन टेकते. बाहेरची वाट ऐन वेळी, म्हणजे हृदय आकुंचन पावत असतानाच बंद होते. वाट अरुंद झाली की दाब आणखी वाढतो आणि वाढलेला दाब पाकळीला आणखी जोराने पडद्यावर रेटतो.

यातून एकाच वेळी दोन बिघाड होतात. पहिला म्हणजे जवनिकेला फार मोठा दाब निर्माण करावा लागतो. दंडावर रक्तदाब 120 दिसतो, पण जवनिकेच्या आत तो 200 असू शकतो. मधला 80 चा फरक केवळ अडथळा पार करण्यात खर्च होतो. दुसरा बिघाड असा की पाकळी पुढे ओढली गेल्याने मायट्रल झडपेत फट राहते, रक्त मागे डाव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात गळते आणि तिथला दाब फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. जिना चढताना लागणारी धाप, छातीतले दडपण, उभे राहिल्यावर येणारी भोवळ या दोन्हींतून येतात. मायट्रल झडपेची गळती ही मूळ व्याधी नाही, पडद्याच्या फुगवट्याचा तो परिणाम आहे, हे इथे मनात पक्के करावे. पुढे त्याचे महत्त्व कळेल.

हा अडथळा रोज सारखा नसतो. जवनिकेत रक्त भरपूर असेल तर पाकळी आणि पडदा यांत अंतर राहते. रक्त कमी असेल तर पोकळी लहान होते आणि दोघे जवळ येतात. म्हणून उन्हाळ्यात पाणी कमी पडले, जुलाब झाले, गरम पाण्याने खूप वेळ अंघोळ केली की त्रास वाढतो. पोटभर जेवल्यावरही रक्त पोटाकडे वळते आणि चार पावले चालताच धाप लागते. जेवणानंतर जास्त दम लागतो, असे रुग्ण सांगतो तेव्हा ते पित्त म्हणून सोडून देऊ नये. उभे राहिल्यावर स्टेथोस्कोपमधला हृदयाचा आवाज वाढतो आणि उकिडवे बसल्यावर कमी होतो, ही डॉक्टरांची जुनी खूणही याच कारणाने आहे.

याच कारणाने काही नेहमीच्या गोळ्या इथे घातक ठरू शकतात. छातीत दुखले की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पण ती रक्तवाहिन्या सैल करते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि अडथळा वाढतो. रक्तदाबासाठीची अॅम्लोडिपिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा मोठा डोस, सिल्डेनाफिल यांचेही तसेच. घरात कुणाला अडथळ्यासह हा आजार असेल, तर या औषधांबद्दलची चिठ्ठी पाकिटात ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

अडथळ्याचे हे कमी-जास्त होणे तपासणीतही आड येते. पलंगावर शांत पडलेल्या माणसाचा टू-डी इको केला तर दाबातला फरक अगदी थोडा दिसू शकतो. ढोबळमानाने एक तृतीयांश रुग्णांत अडथळा विश्रांतीतही दिसतो, एक तृतीयांशांत तो ताण दिल्यावरच उमटतो आणि उरलेल्यांत नसतोच. म्हणून तोंड-नाक बंद करून जोर करायला लावणे, उभे करून पुन्हा मोजणे, ट्रेडमिलवर चालवून लगेच इको करणे, हे झाल्याखेरीज ‘अडथळा नाही’ असे म्हणता येत नाही. 30 मिलिमीटर पाऱ्याएवढा किंवा अधिक फरक म्हणजे अडथळा. 50 च्या पुढे फरक आणि औषधे घेऊनही रोजच्या हालचालींत त्रास, या दोन्ही गोष्टी असतील तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार होतो. नुसता आकडा मोठा आहे म्हणून सहसा कापायला जात नाहीत.

पहिली पायरी औषधांचीच. बीटा ब्लॉकर हृदयाची गती आणि जोर कमी करतात, जवनिकेला भरायला वेळ देतात. ते पुरले नाहीत किंवा सोसले नाहीत तर व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम, आणि त्यानंतर डायसोपायरामाइड. 2022 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले मावाकॅम्टेन हे औषध स्नायूच्या आकुंचन-यंत्रणेवर थेट काम करते आणि अनेकांचा अडथळा लक्षणीय कमी करते. मात्र ते चालू राहीपर्यंतच उपयोगी असते, आणि हृदयाचा जोर प्रमाणाबाहेर घटत नाही ना, हे पाहण्यासाठी ठरावीक काळाने इको करत राहावे लागते. औषधांनी भागत असेल तर चांगलेच. ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी मायेक्टमी आहे, आणि तिच्या मागे सहा दशकांहून अधिक अनुभव आहे.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात विल्यम क्लेलँड यांनी 1958 मध्ये असा स्नायू कापून काढला. तिकडे बेथेस्डात मॉरो यांनी सुरुवातीला पडद्यात फक्त चीर देऊन पाहिले. पुढे दोन समांतर चिरा देऊन मधला पट्टाच काढण्याची पद्धत त्यांनी बसवली. तिला आजही मॉरो यांचे नाव आहे. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ज्या आजारावरची शस्त्रक्रिया मॉरो यांनी घडवली, तोच आजार त्यांना स्वतःला होता. 1982 मध्ये ते गेले.

शस्त्रक्रिया कशी होते ते आता क्रमाने पाहू. आधी इकोवर, आणि शक्य असेल तिथे हृदयाच्या एमआरआयवर, पडद्याचा नकाशा तयार केला जातो. जाडी कुठून सुरू होते, सर्वात जास्त कुठे आहे, खाली कुठपर्यंत जाते, पाकळी पडद्याला नेमकी कुठे टेकते, पॅपिलरी स्नायू भलत्याच जागी चिकटले आहेत का, हे सगळे आधीच कळायला हवे. कारण हृदय थांबल्यावर यातले बरेचसे दिसेनासे होते. वयस्कर रुग्णांत हृदयाच्या रोहिण्यांची अँजिओग्राफीही करून घेतात.

भूल देणाऱ्या डॉक्टरांवर इथे नेहमीपेक्षा जास्त जबाबदारी असते. भूल देताना रक्तदाब घसरला तर अॅड्रिनॅलिनसारखे हृदयाचा जोर वाढवणारे औषध देण्याकडे हात जातो. या रुग्णात त्याने अडथळा वाढतो आणि दाब आणखी कोसळतो. इथे शिरेतून द्रव वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळणारे औषध देऊन दाब सांभाळतात. अन्ननलिकेत इकोची नळी सरकवतात. तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर हृदय आतून पाहता येते.

छातीचे मधले हाड कापून हृदय समोर आणले की हार्ट-लंग मशीन जोडण्याआधी अनेक ठिकाणी एक मोजणी करतात. एक सुई महारोहिणीत, एक जवनिकेत, आणि दोन्हींतला दाब एकाच वेळी मॉनिटरवर. मग हृदयाला हलका स्पर्श करून एक अवेळी ठोका उठवतात. त्यानंतर येणारा ठोका नेहमी जास्त जोराचा असतो. निरोगी हृदयात या ठोक्याची नाडी मोठी लागते. या आजारात मात्र जोर वाढल्याने अडथळा वाढतो आणि नाडी उलट लहान होते. ही खूण 1961 मध्ये ब्राउनवाल्ड, मॉरो आणि त्यांचे सहकारी ब्रॉकनब्रो यांनी दाखवली. लपलेला अडथळा उघड करण्याचा इतका साधा आणि खात्रीचा उपाय क्वचितच सापडेल.

मग रक्ताभिसरण मशीनवर जाते, महारोहिणीला चिमटा लावतात आणि पोटॅशियमयुक्त थंड द्रव सोडून हृदय थांबवतात. महारोहिणीत तिरकी चीर देऊन झडपेतून खाली जवनिकेत पाहतात. झडपेच्या तीन पाकळ्यांपैकी उजवी पाकळी अलगद बाजूला धरतात. वाट अरुंद आणि खोल असते. सहायक बाहेरून उजव्या जवनिकेवर हलका दाब देतो, तेव्हा पडदा नजरेच्या टप्प्यात येतो. त्यावर पुष्कळदा एक पांढुरका, जाडसर चट्टा दिसतो. पाकळी वर्षानुवर्षे जिथे आपटत आली आहे तीच ही जागा. थांबलेल्या हृदयात अडथळा दिसत नाही, पण त्याने सोडलेली ही खूण दिसते, आणि कापणे निदान तिच्या बरेच खालपर्यंत गेले पाहिजे हे ती सांगते.

लांब मुठीच्या सुरीने पहिली चीर महारोहिणीच्या उजव्या पाकळीच्या तळाच्या थोडी खाली सुरू होते. तिथून कापणे डावीकडे, मायट्रल झडपेच्या दिशेने वळवतात. उजवीकडे जायचे नाही, कारण त्या बाजूला पडद्याच्या पातळ भागाखालून हृदयाची विद्युतवाहिनी जाते. तिला इजा झाली तर वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा संबंध तुटतो आणि कायमचा पेसमेकर लागतो. खोली हा दुसरा प्रश्न. फार उथळ कापले तर अडथळा राहतो, फार खोल गेले तर पडद्याला भोक पडते. आधी मोजलेली जाडी आणि बोटांची जाण, एवढ्यावरच हा अंदाज असतो.

तिसरा प्रश्न लांबीचा, आणि माझ्या मते तोच सर्वात महत्त्वाचा. मॉरो यांचा पट्टा वरच्या भागापुरता होता. तेवढ्याने काहींत वरची वाट मोकळी होई, पण खालचा फुगवटा रक्ताला पुन्हा पाकळीच्या मागे वळवत राही. 1994 मध्ये जर्मनीतल्या आखेनचे ब्रुनो मेस्मर यांनी कापणे खाली पॅपिलरी स्नायूंच्या मुळापर्यंत नेण्याची पद्धत मांडली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हार्टझेल शाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विस्तारित कापणे मोठ्या प्रमाणावर रुजवले. जिथे पहिली शस्त्रक्रिया अपुरी ठरून दुसरी करावी लागते, तिथे कारण बहुतेकदा हेच असते की पहिल्या वेळी पट्टा पुरेसा खालपर्यंत नेलेला नव्हता. निघालेला स्नायू वजनाला फार नसतो, साधारण 5 ते 15 ग्रॅम.

कधी पडदा फार जाड नसतो आणि दोष मुख्यतः झडपेखालच्या रचनेत असतो. पॅपिलरी स्नायू पडद्याला चिकटलेला असतो, किंवा पाकळीला ओढून धरणाऱ्या काही दोऱ्या जाड, आखूड झालेल्या असतात. मग तो स्नायू सोडवतात, त्या दोऱ्या कापतात. इटलीतले पाओलो फेराझी यांनी पातळ पडद्याच्या रुग्णांत अशा दोऱ्या कापून उथळ मायेक्टमीनेही चांगले फळ मिळते, हे 2015 मध्ये दाखवले.

काम झाले की जवनिका धुऊन स्नायूचे सुटे कण काढून टाकतात, महारोहिणीची झडप शाबूत आहे ना हे पाहतात, चीर शिवतात, हवा काढतात आणि हृदय पुन्हा सुरू करतात. खरी परीक्षा आता असते. अन्ननलिकेतल्या इकोवर पाकळी अजून पुढे येते का, गळती किती उरली, पडद्याला भोक तर पडले नाही, हे पाहतात. दोन सुयांनी दाब पुन्हा मोजतात, अवेळी ठोका उठवून किंवा औषधाने जोर वाढवून ताण देऊन बघतात. फरक अजून बराच शिल्लक असेल तर त्याच वेळी पुन्हा मशीनवर जाऊन आणखी स्नायू काढतात. ही मोजणी न करता छाती बंद करणाऱ्या ठिकाणी मी माझ्या माणसाला नेणार नाही.

पाकळी पुढे येणे थांबले की मायट्रलची गळतीही त्याच क्षणी बहुतेक नाहीशी होते. गळती हा परिणाम आहे, हे पक्के करायला सांगितले होते ते यासाठी. झडपेत स्वतःचा वेगळा दोष नसेल तर तिला हात लावण्याची गरज नसते. पूर्वी काही शल्यविशारद अडथळा घालवण्यासाठी ती झडपच काढून कृत्रिम झडप बसवत. 2020 च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी केवळ अडथळा दूर करण्यासाठी झडप बदलणे हानिकारक ठरवले आहे. धातूची झडप म्हणजे आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि तिच्या तपासण्या. म्हणून ‘पडदा कापू आणि झडपही बदलू’ असा सल्ला मिळाला तर झडपेत स्वतःचा दोष कोणता, हे विचारावे. समाधानकारक उत्तर आले नाही तर दुसरे मत घ्यावे.

या शस्त्रक्रियेची फळे अनुभवी हातांत फार चांगली आहेत. मोठ्या, या कामाला वाहिलेल्या केंद्रांत मृत्यूचे प्रमाण 1 टक्क्याहून कमी आहे. 2005 मध्ये मेयो क्लिनिक आणि इतर केंद्रांच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मायेक्टमी झालेल्यांपैकी 83 टक्के 10 वर्षांनी हयात होते. हे प्रमाण त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांइतकेच होते. अडथळा असूनही शस्त्रक्रिया न झालेल्यांत ते 61 टक्के होते. चिठ्ठ्या टाकून केलेली ही तुलना नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय कापण्याला देता येत नाही. पण फरक मोठा आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2003 ते 2011 या काळातल्या अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासून 2016 मध्ये एक अहवाल आला. ज्या गटातली रुग्णालये सर्वाधिक मायेक्टमी करत होती तिथे रुग्णालयातल्या मृत्यूचे प्रमाण 3.8 टक्के होते. सर्वात कमी करणाऱ्या गटात ते 15.6 टक्के होते. शस्त्रक्रिया तीच, देश तोच आणि मृत्यू चौपट! बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रिया उत्तम करणारा शल्यविशारदही मायेक्टमीत नवखा असू शकतो. म्हणून विचारायचा प्रश्न ‘हृदयाच्या किती शस्त्रक्रिया केल्या’ हा नाही. ‘गेल्या वर्षी मायेक्टमी किती केल्या, किती जणांना पेसमेकर लागला, किती जणांचा अडथळा पूर्ण गेला’ हे विचारा. यात संकोच वाटायचे कारण नाही. चांगला शल्यविशारद हे आकडे स्वतःहून सांगतो.

छाती न उघडता करायचा एक पर्याय आहे. 1994 मध्ये लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात उलरिच सिगवार्ट यांनी तो सुरू केला. मांडीतून किंवा मनगटातून नळी नेऊन पडद्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक रोहिणीत एक ते तीन मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल सोडतात. तेवढ्या भागाला मुद्दाम हृदयविकाराचा झटका दिला जातो, तो स्नायू मरतो आणि काही महिन्यांत आक्रसतो. रुग्णालयातला मुक्काम कमी, छातीवर व्रण नाही. वयस्कर आणि इतर आजार असलेल्या माणसासाठी हा उत्तम मार्ग आहे. पण ती रोहिणी योग्य जागी असावी लागते, झडपेखालच्या रचनेतले दोष याने सुधारत नाहीत, आणि पेसमेकर लागण्याचे प्रमाण साधारण दहात एक, म्हणजे मायेक्टमीपेक्षा जास्त आहे. लहान मुलांत हा उपाय करत नाहीत. तरुण, धडधाकट रुग्णाला आणि फार जाड पडद्याला मायेक्टमीच योग्य, असे माझे मत आहे.

मायेक्टमीनंतर ईसीजीत विद्युतवाहिनीची डावी फांदी बंद पडल्याचे बहुतेकांत दिसते. घाबरू नये. कापलेल्या पट्ट्यातून ती फांदी जाते, म्हणून ते अपेक्षितच असते आणि त्याने सहसा त्रास होत नाही. मात्र ज्याची उजवी फांदी आधीपासूनच बंद आहे, त्याच्या दोन्ही फांद्या जाऊन पेसमेकर लागू शकतो. आधी अल्कोहोलचा उपाय झालेल्यांत हे विशेष घडते, कारण अल्कोहोलने पुष्कळदा उजवी फांदीच बंद पडते. पहिला उपाय निवडताना हे डोक्यात असावे.

मायेक्टमीनंतर एक-दोन दिवस अतिदक्षता विभाग, मग आठवडाभरात घर. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर पाण्याची बादली, नातवंडे, गॅसचा सिलिंडर काही उचलायचे नाही आणि स्कूटर चालवायची नाही. रोज थोडे थोडे चालणे वाढवायचे. पूर्ववत व्हायला तीनेक महिने धरावेत. जिना चढताना दम लागत नाही, हे मात्र पुष्कळांना त्याआधीच जाणवते.

शस्त्रक्रियेने अडथळा जातो, आजार जात नाही. पेशीतला दोष तसाच राहतो. म्हणून काही औषधे चालू राहू शकतात आणि इकोची वार्षिक तपासणी चुकवायची नाही. ठोक्यांची अनियमितता, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, या आजारात बरेचदा होते. ती झाली तर पक्षाघात टाळण्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी घ्यावीच लागते. अचानक मृत्यूचा धोका वेगळा मोजावा लागतो. घरात असा मृत्यू झालेला असणे, कारण न कळलेली बेशुद्धी, 30 मिलिमीटर किंवा अधिक जाडी, होल्टरवर, म्हणजे दिवसभर चालणाऱ्या ईसीजी नोंदीत जलद ठोक्यांच्या लाटा, एमआरआयवर दिसणारे मोठे व्रण, यांतले काही असेल तर आयसीडी हे छातीत बसवायचे शॉक देणारे यंत्र सुचवतात. ‘ऑपरेशन झाले, आता आयसीडी कशाला’ हा प्रश्न घरचे विचारतात. उत्तर हे की मायेक्टमी वाट मोकळी करते. गुंतलेल्या तंतूंतून उठणारे घातक ठोके थांबवण्यासाठी ती केलेली नसते.

आणि रुग्णाच्या घरच्यांना शेवटचे सांगणे. आई-वडील, भावंडे आणि मुले या सगळ्यांचा ईसीजी आणि टू-डी इको करून घ्या, त्यांना काहीही त्रास नसला तरी. पहिला इको चांगला आला म्हणून विषय संपत नाही, कारण जाडी पुष्कळदा वयात येताना किंवा त्यानंतर वाढते. मुलांची तपासणी दर एक-दोन वर्षांनी आणि मोठ्यांची दर तीन ते पाच वर्षांनी पुन्हा करायची असते. रुग्णाच्या जनुकातला दोष तपासणीत सापडला असेल, तर कुटुंबातल्या ज्याच्यात तो नाही त्याला या फेऱ्यांतून मोकळे करता येते.